डाव्या पानावर, खालच्या अंगाला

"माझं बोट धर आणि त्या ओळीवर नेऊन ठेव," सारजाबाई म्हणाल्या. "मग तू गप बस. मी वाचते."

जानेवारीतली दुपार होती. त्यांच्या अंगणात आम्ही दोघी गोणपाटावर बसलो होतो. मध्ये माझं पवित्र शास्त्र उघडं होतं आणि खुंट्याची शेळी पानांकडे सारखी मान लांबवत होती. मी शेळीला हाकलण्यात गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. मग म्हणाले, "उद्या बघू, मावशी. आज मला दीनाबाईंकडं जायचंय."

"काल बी उद्याच म्हणाली होतीस."

मी पुस्तक मिटलं, पदराखाली घेतलं आणि निघाले. अंगण ओलांडताना त्यांची नजर पाठीवर जाणवत होती. ती ओळ मी त्याआधी तीन आठवडे शोधत होते.

त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बायकांच्या शास्त्रशाळेत दोन वर्षं काढल्यावर मला बायबलबाई म्हणून टाकळवाडीला नेमलं. ख्रिस्ती बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं आणि घरोघर जाऊन शास्त्र सांगायचं, हे काम. राहायला प्रार्थनामंदिरामागची खोली होती. एक चूल, एक ताट, एक तांब्या. एकटीसाठी भाकरी करायला बसलं की पीठ नेहमी जास्तच मळलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी शिळं खावं लागायचं. हिशेब कधी जमला नाही.

गावात ख्रिस्ती घरं बावीस. प्रत्येक घराच्या दारावर गेरूने एक वचन लिहिलेलं असे. हे सगळं तात्यांचं काम. हरिबा तात्या भिंगारदिवे हे त्या गावचे पहिले विश्वासी आणि गावोगाव फिरून शास्त्र सांगणारे जुने सुवार्तिक. कुणाचा बाप्तिस्मा झाला की तात्या त्या घराला शास्त्रातलं एक वचन देत आणि चौकटीवर स्वतःच्या हाताने लिहीत. दर नाताळाला गेरू नवा होई. लोक पत्ताही वचनानेच सांगत. 'भिऊ नको'वाल्यांच्या पलीकडे, 'दिवा'वाल्यांच्या समोर, असं.

मी पाटीवर क आणि ख काढून पाहिला होता. बायका आळोखेपिळोखे देत आणि चुलीवर दूध आहे म्हणून उठून जात. मग एके दिवशी मी पाटी बाजूला ठेवली आणि दीनाबाईंना त्यांच्याच दारासमोर उभं केलं. ते वचन त्यांना वीस वर्षं तोंडपाठ होतं. कोणता शब्द कुठे संपतो ते मी काठीने दाखवत गेले. महिन्याभरात त्यांनी आपलं दार वाचलं. दार वाचलं की प्रत्येकीला पुढची हौस एकच असे, की हे पुस्तकात कुठंय ते दाखव. मी ती जागा शोधायची आणि त्यांचं बोट ओळीवर ठेवायचं. तात्यांची वचनं थोडी वाकलेली असत. त्यांनी गव्हाच्या जागी बाजरी घातलेली असे, द्राक्षमळ्याच्या जागी पानमळा. पण खाली मूळ वचन असायचंच. पाच बायकांची पाच वचनं सापडली होती. सहावी सारजाबाईंची पाळी.

त्यांच्या दारावर लिहिलं होतं: 'पाण्यात गेलेलं लेकरू मी माझ्या हातांनी वर काढीन आणि तुझ्या ओटीत घालीन, असं परमेश्वर म्हणतो.'

सारजाबाईंचा एकुलता मुलगा आठव्या वर्षी मळ्यातल्या विहिरीत बुडाला होता. त्याला तीस वर्षं झाली होती. पुढे नवराही वारला. मुलगा गेल्यापासून त्या रोज सकाळी विहिरीशी जात, काठावर वाकून आत बघत, आणि मग लोकांच्या शेतावर कामाला जात. पाऊस असो, ताप असो, चुकत नसत. गावात त्यांना कुणी हसत नसे. वचन होतं, त्या वाट बघत होत्या, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि ते वचन शास्त्रात नव्हतं.

मी उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्याच पुस्तकापासून, सुरुवात केली होती. आधी चाळत गेले, मग ओळीवर बोट ठेवून. संदेष्ट्यांची पुस्तकं दोनदा झाली. बायका चेष्टा करू लागल्या, की आमची वचनं वरवर होती, सारजाचं देवानं खोल पुरलेलं दिसतं. सारजाबाईही हसल्या. मग मला मदत व्हावी म्हणून त्यांनी खूण सांगितली. "डाव्या पानावर हाय. खालच्या अंगाला. तात्यांनी विहिरीवर वाचलं तवा त्यांचं बोट मी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी मी तात्यांकडे गेले. ते तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. ओसरीवर बाजेवर पडून असत. त्यांच्या सुनेने मला पाणी दिलं आणि सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की आता बायका शिकल्या म्हणजे पुरुषांनी चूल धरायची. मी सलाम केला आणि बाजेजवळ बसले. सारजाबाईंचं वचन कोणत्या पुस्तकात आहे, एवढंच विचारलं.

"संदेष्ट्यांत बघ," तात्या म्हणाले.

दोनदा बघितलं, असं मी सांगितलं.

"स्तोत्रांत?"

"तिथंही नाही, तात्या."

 त्यांनी सून आत गेल्याची चाहूल घेतली आणि हळू आवाजात सांगू लागले. सारजाचा बाप्तिस्मा होऊन चारच महिने झाले होते. पोरगं बुडालं तशी भावकी म्हणू लागली, की कुळाचे देव सोडले, भोग आता. ती दोन दिवस विहिरीच्या काठावर बसून होती, पाय आत सोडून. नवऱ्याने हात धरला तर त्याला चावली. तात्या शास्त्र घेऊन गेले. पुस्तक उघडलं, पण अक्षर दिसेना, डोळे नुसते वाहत होते. ती म्हणाली, तुमच्या देवानं काय लिहून ठेवलंय ते वाचा, न्हाईतर मी चालले.

"मग तोंडातून ते आलं," तात्या म्हणाले. "मी खाली बघून वाचल्यासारखं केलं. बोट फिरवलं. ती उठली, पोरी. उठून घरला आली."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मग दारावर लिहावं लागलं. न लिहून कसं चालंल?" त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. "तिला पुढचं वाचाया शिकवू नगं. माझे किती दिवस राहिलेत? मग तुला काय करायचं ते कर."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून सारजाबाईंना मुद्दाम हळू शिकवू लागले. जोडाक्षरं काढलीच नाहीत. तेच तेच सोपे शब्द पुन्हा पुन्हा गिरवायला लावले. त्या मुकाट्याने गिरवत.

खरं तर इतर कुणीही तसं केलं असतं तरी मी करायला नको होतं. माझा नवरा, सीलास, शाळामास्तर होता. लग्नानंतर अकराव्या महिन्यात विषमज्वराने गेला. मातीला आलेल्या प्रत्येकाने मला हेच सांगितलं, की देवाला तो हवा होता म्हणून देवाने नेला. पाळकसाहेब म्हणाले, सासूबाई म्हणाल्या, शेजारच्या बायका म्हणाल्या. मला वाटलं, मग असा देव मला नको. हे खरोखर कुठे लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि पुस्तक कायमचं मिटावं, म्हणून मी त्याचं शास्त्र उघडलं. चार महिने लागले. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्या दिवशी शेवटचं पान संपलं त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. माझ्या शास्त्रशाळेत जाण्याचं कारण इतकंच होतं. माणसांनी सांगितलेलं काय आणि लिहिलेलं काय, यातला फरक मला भाकरीइतका लागत होता. पण टाकळवाडीत हे कुणाला सांगणार? माझ्या हाती एक म्हातारी बाई होती, एक विहीर होती, आणि खरं सांगितलं तर ती उद्या सकाळी नुसती वाकून परत येईल याची खात्री नव्हती.

फेब्रुवारीत एके दुपारी त्यांनी माझा पदर धरला. म्हणाल्या, आज दाखवल्याशिवाय उठायचं नाही.

मी घाबरले. पुस्तक मध्येच उघडलं, डाव्या पानावर खाली एक ओळ धरली, त्यांचं खरबरीत बोट उचललं आणि तिथे ठेवलं. त्यांना अजून पुस्तकातलं बारीक अक्षर लागत नाही, असं मला वाटत होतं. वचन त्यांना पाठ होतं. पाठ असलेलं म्हणतील आणि समाधान मानतील.

सारजाबाई वाकल्या. बोट हळूहळू सरकू लागलं.

"प... ड... पडदा," त्या म्हणाल्या. पुढचं अक्षर अडलं ते सोडून दिलं. "लांबी. हात." पुन्हा एक अडलं. "रुंदी. चार हात."

देवाच्या तंबूचे, निवासमंडपाचे, पडदे किती लांब, किती रुंद करावेत, त्याचं ते पान होतं.

त्यांनी बोट उचललं नाही. मान तशीच खाली ठेवून म्हणाल्या, "इथं तर शिंप्याचं माप लिवलंय."

शेळी ओरडली. मी शेळीकडे बघितलं नाही.

"न्हाई का ते?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी."

"या पानावर न्हाई, का कुठंच न्हाई?"

तीस वर्षांपूर्वी तात्यांनी जे केलं तेच मी आत्ता केलं होतं, तेही कुणी विहिरीत पाय सोडून बसलेलं नसताना. मी म्हणाले, "कुठंच नाही." मग सगळं सांगितलं. तात्यांचे वाहते डोळे, खोटं फिरवलेलं बोट, मला केलेली विनवणी. काही झाकलं नाही, माझंही नाही.

त्या रडल्या नाहीत. घरात गेल्या, पोतेरं भिजवून आणलं आणि उंबऱ्यावर उभ्या राहून दारावरचं वचन पुसू लागल्या. तीस वर्षांचे गेरूचे थर लवकर निघेनात. तांबडं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "हात लावू नगं." सगळं पुसून झाल्यावर त्यांनी गोणपाटावरचं माझं शास्त्र उचललं. "हे इथंच राहील. तू जा."

ते सीलासचं शास्त्र होतं. पहिल्या पानावर त्याची सही होती. मी ते मागू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आधी मी विहिरीवर जाऊन बसले. सारजाबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. तीस वर्षांत जे चुकलं नव्हतं ते चुकलं, आणि गाव बिथरलं. दारावरचं वचन कुणी पुसलं, का पुसलं, बाईंनी काय केलं? सारजाबाई कुणाशी बोलत नव्हत्या. मी सांगितलं तर तात्या गावासमोर खोटे पडणार होते. मी गप्प राहिले, आणि गप्प राहणाऱ्याकडेच बोट जातं. शहरातनं आलेल्या बाईनं म्हातारीचा विश्वास घालवला, असं ठरलं. दीनाबाईंनी शिकायला यायचं थांबवलं, मग बाकीच्यांनी. उपासनेत माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. फाल्गुन गेला, चैत्र गेला. दिवसच्या दिवस माझ्याशी बोलणारं कुणी नसे. शास्त्र नसल्याने संध्याकाळी काय करायचं तेही कळत नसे. पाठ असलेली वचनं मी मनात म्हणून बघायची आणि मध्येच थांबायची, की हे खरंच असंच आहे, का माझ्याही तोंडात वाकलंय?

उन्हाळ्यात सारजाबाईंना एक नवं वेड लागल्याचं लोक सांगू लागले. दुपारी सगळे सावलीला असताना त्या बगलेत पुस्तक घेऊन दुसऱ्यांच्या दारांसमोर उभ्या राहत. चौकटीवरचं वचन बघत, ओठ हलवत, मग पुस्तकात बघत, मग पुढच्या दारी. कुणी हटकलं तर उत्तर देत नसत. लोक म्हणाले, सारजीचं डोकं फिरलं. मला मात्र लगेच कळलं. बावीस घरांची वचनं त्यांना पाठ होती. मी जी जोडाक्षरं शिकवली नव्हती ती त्या दारांवरून शिकत होत्या.

वैशाखाच्या अखेरीला एका सकाळी त्या माझ्या खोलीच्या दारात आल्या. सलाम नाही, काही नाही. आत येऊन चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाव काय होतं, ठावं हाय तुला?"

मला नव्हतं. इतक्या महिन्यांत मी ते विचारलंच नव्हतं.

"शमुवेल. बाप्तिस्म्याला तात्यांनीच ठेवलं होतं. हे नाव असलेलं पुस्तक हाय म्हणून कुणी सांगितलं नव्हतं मला. पानाच्या डोक्यावर दिसलं." त्यांनी शास्त्र मांडीवर उघडलं. "एक न्हाई, दोन पुस्तकं. दोन्ही वाचली. दुसऱ्यात राजा हाय, त्याचं लेकरू दुखणाईत पडतं. तो जेवत न्हाई, भुईवर पडून राहतो. लेकरू मरतं. नोकर भितात, ह्याला आता कसं सांगावं म्हणून. तुला ठावं असंल."

"ठाऊक आहे."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

 मी ती ओळ शोधत ते पान दोनदा ओलांडून गेले होते.

त्या सांगू लागल्या, तो राजा उठतो, अंग धुतो, देवाच्या घरी जातो आणि जेवायला मागतो. लोक विचारतात, हे काय. तो म्हणतो, जिवंत होतं तोवर रडलो, आता ते माझ्याकडे माघारी यायचं नाही, मीच त्याच्याकडे जाणार आहे.

"माघारी यायचं न्हाई," सारजाबाई पुन्हा म्हणाल्या. "स्वच्छ लिवलंय. तीस वर्षं वाकून वाकून बघितलं मी, पोरी. त्या वचनाला रोज सकाळी मीच टेकू लावत होते. एक दिवस न्हाई गेले तर पडंल, असं वाटायचं. हे नवं वचन मी चार दिवस टेकू न लावता, घरात बसून बघितलं. पडत न्हाई."

मग त्यांनी विचारलं, भाकरी आहे का. होती, नेहमीसारखी जास्तच. त्यांनी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाल्या, "चल. तात्यांकडं."

मला जायचं नव्हतं. म्हाताऱ्याला आता जाब विचारून काय मिळणार, असं मी म्हणून पाहिलं. त्या रस्त्याला लागल्या होत्या.

तात्या ओसरीवरच होते. पूर्वीपेक्षा फार वाळले होते. सारजाबाई बाजेशेजारी खाली बसल्या आणि नाव न सांगता वाचू लागल्या. त्यांचं वाचणं अजून अडखळत होतं. एखाद्या शब्दाशी थांबत, त्याच्या मागे जात, मग पुन्हा पुढे. तात्यांनी मान वळवली.

"कोण वाचतंय? बायबलबाई?"

"सारजा," त्या म्हणाल्या, आणि वाचत राहिल्या.

 राजा उठून जेवला तिथवर त्या आल्या, मग मुलाबद्दलची ती ओळ आली. ती वाचून त्या थांबल्या.  आत सून भांडी घासत होती, तीही थांबली.

"त्या दिवशी हे पान निघालं न्हाई माझ्याच्यानं," तात्या म्हणाले.

"निघालं असतं तरी मी ऐकलं नसतं. उडीच टाकली असती." सारजाबाईंचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात म्हणून मी जगले, तात्या. त्याचं मला काही न्हाई. पण दुसऱ्या दिवशी? पुढच्या नाताळाला? डोळे होते तोवर दर वर्षी गेरू कालवून तेच लिवत होता, तवा तुमचा हात कसा धजला?"

 तात्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, कानांकडे ओघळू लागलं. सारजाबाईंनी ते पुसलं नाही. पण उठूनही गेल्या नाहीत. मी खांबाला टेकून उभी होते. त्या दोघांमध्ये जे होतं त्यात माझी जागा नव्हती, आणि तिथून निघून जाण्याइतकं बळही माझ्यात नव्हतं.

मग तात्या म्हणाले, "पुढं काय हाय? वाच."

सारजाबाईंनी पुस्तक जवळ धरलं. पुढची ओळ मला ठाऊक होती. त्या राजाने आपल्या बायकोचं सांत्वन केलं आणि त्यांना दुसरा मुलगा झाला, असं पुढे आहे. सारजाबाईंना शमुवेलनंतर मूल झालं नव्हतं. मला तर झालंच नव्हतं. पान उलटून टाकावं, असं मला वाटलं. मी हळूच म्हणाले, "मावशी, एवढं पुरे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती ओळ त्यांनी आधीच वाचलेली होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"हे माझ्यासाठी न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी बी न्हाई. पण लिवलंय."

आणि त्यांनी ती ओळ वाचली, सावकाश, एकही शब्द न गाळता.